कच्च्या वाटेवर निघण्याआधी

गाडी घेतलीस, फोर बाय फोर घेतलीस आणि पहिल्याच पावसात मित्रांबरोबर मावळातल्या कच्च्या वाटा धरणार आहेस, हे ऐकून बरं वाटलं. सामानाची यादी पाठवलीस, तीही नीट वाचली. यादीत चूक काही नाही. पण कुठली वस्तू गाडीत कुठे ठेवणार हे तू लिहिलेलं नाहीस, आणि मला तेच आधी विचारायचं आहे. समज, गाडी चरात कलंडलीय, मागचं दार दरडीला टेकल्यामुळे उघडत नाही, आणि ओढायचा पट्टा त्याच दाराआड बॅगांच्या तळाशी आहे. मग पट्टा आणून उपयोग काय? आमच्या उस्तादांनी आम्हाला जीप भरायला शिकवली ती अशी: प्रत्येक वस्तू हातात घ्यायची, ती लागेल तेव्हा गाडी कशी उभी असेल, उजेड असेल का, हात तिथवर जाईल का, हे मनात आणायचं आणि मगच तिची जागा ठरवायची. पुढचं सगळं मी त्याच हिशेबाने सांगतो.

बसल्या जागेवरून हाताला लागायला हव्यात अशा वस्तू थोड्याच. सीटबेल्ट कापायची सुरी आणि काच फोडायची हातोडी, ही एकत्रच मिळते. डोक्याला बांधायची बॅटरी, कारण रात्री गाडीखाली शिरलास की दोन्ही हात मोकळे लागतात. आणि आग विझवायचा सिलिंडर, एबीसी पावडरचा, एक-दोन किलोचा. तो सीटखाली सुटा टाकू नकोस. उतारावर घरंगळत ब्रेकच्या पेडलखाली गेला तर आगीपेक्षा मोठं संकट येईल. सीटच्या पुढच्या कडेला लोखंडी पट्टीत घट्ट बसव. हादऱ्यांनी आतली पावडर तळाशी दाबून बसते, म्हणून अधूनमधून काढून उलटा करून हलवायचा, आणि काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना ते बघायचं.

बाकी जे जे जड आहे ते खाली, मागच्या सीटला लागून, आणि बांधलेलं. जॅक, शॅकल, पान्यांची गुंडाळी, पाण्याचा कॅन, यातली एकही वस्तू सुटी नको. गाडी उलटली तर सुटा जॅक आत बसलेल्यांच्या डोक्यात बसतो. खटक्याचे पट्टे मिळतात, त्यांनी मजल्यावरच्या कड्यांना आवळ, मग गाडी जोरजोरात हलवून बघ. काही वाजलं तर पुन्हा आवळ. छतावर कॅरियर लावून त्यावर जॅक, डिझेल, जादा चाक चढवलेल्या गाड्या फोटोत छान दिसतात. पण तिरक्या उतारावर वरचं तेच वजन गाडीला आडवं पाडतं. छतावर ताडपत्री आणि झोपायचं सामान, त्यापेक्षा जास्त नको.

आता रुतण्याचं. पावसाळ्यात तू रुतणारच, त्यात लाज नाही. पण क्रम लक्षात ठेव: आधी टायरची हवा, मग फावडं, आणि दोन्हींनी भागलं नाही तरच पट्टा. हल्लीची मुलं थेट पट्ट्याकडे धावतात, ते मला पटत नाही. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर जी हवा लिहिलेली असते ती डांबरी रस्त्यासाठी. चिखलात आणि दगडांवर ती १८ ते २० पीएसआयवर आणली की टायर पसरतो आणि पकड वाढते. गाडी पुष्कळदा एवढ्यानेच निघते. १५च्या खाली मात्र जाऊ नकोस, वळताना टायर रिमवरून निसटतो. हवा कमी असेपर्यंत वेगही कमीच ठेव, आणि डांबरी लागायच्या आधी पुन्हा भर. त्यासाठी बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर हवा, तोही बॅटरीला थेट चिमटे लावून चालणारा. सिगारेट लायटरच्या भोकातून चालणारे छोटे कॉम्प्रेसर मोठ्या टायरला हवा भरता भरता तापून बंद पडतात, नाहीतर फ्यूज उडवतात. भरताना इंजिन चालू ठेव. हवा मोजायचा गेज वेगळा घे, आणि तो ग्लोव्ह बॉक्समध्ये राहू दे.

फावडं लांब दांड्याचं घे. गाडीखाली पोटापर्यंत चिखल अडकलेला असतो, तिथे घडीचं बुटकं फावडं पोचत नाही. चारही चाकांपुढचा चिखल काढायचा आणि डिफरन्शियल टेकलंय का ते वाकून बघायचं. टेकलं असेल तर खालचं मोकळं केल्याशिवाय ओढू नये. मातीही ओळखायला शीक. मावळातल्या भातखाचराच्या कडेचा चिखल खोल असला तरी उपसता येतो. देशावरची काळी माती भिजली की टायरच्या खाचा भरून टाकते आणि टायर गुळगुळीत होतो. तिथे कुठलंही सामान फारसं कामाचं नाही, ओल्या काळ्या मातीत शिरूच नये.

पट्ट्यांत दोन जाती आहेत आणि त्यांची अदलाबदल जिवावर बेतते. पॉलिस्टरचा पट्टा ताणत नाही. तो बंद गाडी सपाट रस्त्यावरून हळू ओढून न्यायला. रुतलेली गाडी काढायला नायलॉनचा पट्टा किंवा दोर लागतो, जो ताणला जातो आणि आकसताना गाडीला ओढून घेतो. त्याची ताकद तुझ्या भरलेल्या गाडीच्या वजनाच्या दोन ते तीनपट असावी. शॅकलवर ४.७५ टन असं काही कोरलेलं असेल तरच घे, ज्यावर क्षमताच लिहिलेली नाही तो घेऊ नकोस. पिन पूर्ण आवळून पाव फेरा मागे घे, नाहीतर ताण आल्यावर ती जाम बसते आणि पान्यालाही दाद देत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पट्टा कशाला अडकवायचा. चासीला बोल्टने बसवलेला हूक असेल तरच. बाजारातल्या बंपरवर शोभेसाठी वेल्ड केलेली कडी झटका बसताच तुटते आणि गोळीसारखी सुटते. काच फोडून आत येते, माणसं मरतात. काही गाड्यांसोबत आट्यांची कडी मिळते, तीही साधं ओढण्यासाठी, झटका देण्यासाठी नाही. पट्ट्याच्या मधोमध भिजवलेलं गोणपाट किंवा जाड घोंगडी टाक, म्हणजे तुटला तरी उसळत नाही. दोन्ही चालक सोडून बाकी सगळे पट्ट्याच्या लांबीच्या दीडपट दूर, आणि इशारे एकानेच करायचे. मोबाइलवर चित्रण करायला कुणी जवळ आलं तर काम थांबव. हे सगळं, म्हणजे पट्टा, शॅकल, कातडी हातमोजे, गोणपाट, एकाच पिशवीत भर आणि ती पिशवी मागच्या दाराजवळ ठेवू नकोस. बाजूच्या दारातून हात घालून ओढता येईल अशी, पुढच्या सीटच्या पाठीमागे ठेव.

जॅकखाली ठेवायला जाड फळी हवी, निदान एक इंच जाडीची आणि फूटभर लांब-रुंद. फळी नसली तर चिखलात गाडी वर जाण्याऐवजी जॅकच खाली जातो. गाडीसोबत आलेला जॅक घरी, अंगणात एकदा वापरून बघ. आणि त्याच वेळी चाकाचे नटही सोडवून बघ. गॅरेजात मशिनने आवळलेले नट गाडीसोबतच्या आखूड पान्याने हलत नाहीत, हे जंगलात कळून काय उपयोग? लांब दांड्याचा पाना आणि त्या मापाची गोटी घेऊन ठेव. स्टेपनीतली हवा दर वेळी मोज. ट्यूबलेस पंक्चरचा संच जवळ हवाच, पण वात भरायची ती रस्त्याला टेकणाऱ्या भागातच. सह्याद्रीचा कातळ धारदार आहे, तो टायर बाजूने कापतो. बाजूच्या कापाला वात टिकत नाही, तिथे स्टेपनीच लागते.

पान्यांचं म्हणशील, तर मोठा चकचकीत संच घेण्याआधी एक दिवस गाडीखाली जा आणि कुठे कुठल्या मापाचा बोल्ट आहे ते वहीत लिही. १०, १२, १३, १४, १७, १९ या मापांवर बरंचसं काम होतं. रिंग पाने, गोट्या, पक्कड, दोन स्क्रू ड्रायव्हर, हातोडी, छिन्नी, एवढं कॅनव्हासच्या गुंडाळीत बांध. पत्र्याच्या पेटीपेक्षा गुंडाळी चांगली. वाजत नाही, कुठेही बसते, आणि पसरली की काय हरवलं ते लगेच दिसतं. काम चिखलात असतं, म्हणून खाली अंथरायला फिकट रंगाचं कापड घे. पडलेला नट त्यावर दिसतो.

माझा जीव खरा त्या छोट्या डब्यात आहे, ज्याला तू यादीत ‘किरकोळ’ म्हटलं आहेस. बायंडिंग वायर, इन्शुलेशन टेप, केबल टाय, होजच्या क्लिपा, थोडे नट-बोल्ट नि वायसर, जुन्या सायकलच्या ट्यूबच्या लांब पट्ट्या, एम-सील, आणि कपडे धुण्याच्या साबणाची वडी. साबण कशाला, विचारशील. दगडावर घासून डिझेलची टाकी पाझरायला लागली की ओल्या पत्र्यावर एम-सील धरत नाही. साबण डिझेलमध्ये विरघळत नाही. तो भेगेत दाबून घासला की गळती बरीच आवरते आणि वर कापड बांधून गावापर्यंत पोचता येतं. रेडिएटरचा होज फुटला तर गाडी पूर्ण गार होऊ दे, मग पुसून ट्यूबची पट्टी ताणून, एकावर एक वेढे देत गुंडाळ आणि दोन्ही टोकांना तार आवळ. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, कितीही घाई असली तरी. जादा पाच लिटर पाणी याचसाठी न्यायचं. पिण्याचं त्याहून वेगळं.

फ्यूज सगळ्या मापांचे घे. त्यांचे रंग ठरलेले आहेत: १० अँपिअरचा लाल, १५चा निळा, २०चा पिवळा, ३०चा हिरवा. उडालेल्याच्या जागी त्याच रंगाचा. मोठा टाकला किंवा तार गुंडाळली, तर पुढे वायरिंग जळतं. बॅटरी उतरली तर जंपर केबल जोडायचा क्रम असा: लाल चिमटा आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला, काळा चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि शेवटचा काळा बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. हा क्रम कागदावर लिहून केबलच्या पिशवीतच टाक.

ओढ्याबद्दल जपून. २०२० सालच्या थारची पाण्यातून जाण्याची क्षमता कंपनी ६५० मिलिमीटर सांगते. कुठल्याही गाडीचा असा आकडा वाहत्या पाण्याला लावायचा नसतो. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर थांबायचं, ओसरेपर्यंत थांबायचं, गावातली एसटी गेली म्हणून आपणही जायचं नाही. साध्या ओढ्यातही आधी पाणी आणि तळ तपासूनच गाडी घाल. आणि पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा चावी फिरवू नकोस. एअर फिल्टरमधून सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल, आणि पाणी दाबलं जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ओढून बाहेर काढायची, फिल्टर उघडून बघायचा, ओला असेल तर ती टो करूनच न्यायची.

औषधांच्या पेटीत गोळ्यांपेक्षा जाड गॉज, रुंद बँडेज आणि ओआरएस जास्त ठेव. जखम वाहत असेल तर गॉज घट्ट दाबून धरणं हेच पहिलं काम. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चारही आपल्या भागात आहेत. दंश झाला तर कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळपट्टी बांधायची नाही. अंगठी-कडं काढायचं, हात किंवा पाय फळीला बांधून न हलवता, माणसाला चालू न देता जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यायचं. निघण्याआधीच त्या वाटेवर असं रुग्णालय कुठे आहे ते विचारून ठेव. १०८ला फोन कर, पण रेंज नसेल तिथे वाट बघत बसू नकोस.

रेंज तर नसतेच. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घे. गाड्यांमधल्या बोलण्यासाठी ४४६ मेगाहर्ट्झचे कमी ताकदीचे वॉकीटॉकी विनापरवाना चालतात. सॅटेलाइट फोन मात्र परदेशातल्या कुणाकडून आणवू नकोस, परवानगीशिवाय तो आपल्याकडे बेकायदा आहे.

सुटे पैसे ठेव, वाडीतल्या ट्रॅक्टरवाल्याला देण्यासाठी. रात्री-अपरात्री तोच येतो, घासाघीस करू नकोस. आवणाच्या दिवसांत बांधावरून, खाचरातून गाडी घालू नकोस. चाकाखाली जातं ते कुणाचं तरी वर्षभराचं भात असतं. जंगलात आणि पठारांवर मळलेली वाट सोडायची नाही.

दोन गाड्यांशिवाय निघू नकोस. आणि जाताना वहिनीजवळ एक कागद दे: कुठून शिरणार, कुठे बाहेर पडणार, गाड्यांचे नंबर, सोबतच्यांचे फोन, आणि फोन करायची वेळ. ती वेळ उलटून दोन तास झाले तर काळजी करत बसायचं नाही, सरळ ११२ला कळवायचं, हे तिला समोर बसवून सांग.