गोळीआधीचे प्रश्न

प्रश्न : माझी नात इंग्लंडात लेस्टरला शिकते. लघवीला जळजळ होत होती म्हणून ती थेट केमिस्टकडे गेली आणि त्यानेच तिला अँटिबायोटिक दिलं. डॉक्टरांचं तोंडही पाहिलं नाही! आपल्याकडे केमिस्टकडून गोळी आणली की तुम्ही लेख लिहून ओरडता. मग तिथे चालतं ते इथे का चालत नाही? आणि तिच्या उरलेल्या गोळ्या मागवून ठेवू का? मलाही हा त्रास अधूनमधून होतो.
– एक आजी, वय ६७, पुणे

उत्तर : आजी, नातीने केलं ते तिथल्या नियमाला धरूनच आहे. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने ३१ जानेवारी २०२४ पासून ‘फार्मसी फर्स्ट’ नावाची योजना सुरू केली. घसादुखी, नागीण अशा सात आजारांवर फार्मासिस्ट स्वतः औषध देऊ शकतो. मूत्रमार्गाचा साधा संसर्ग त्यातलाच एक, पण तो फक्त १६ ते ६४ वयाच्या स्त्रियांचा.

दुकानात काय झालं असेल ते सांगतो. काउंटरवर सगळ्यांदेखत नाही, बाजूच्या छोट्या खोलीत तिला बसवलं असेल. मग प्रश्न. लघवी करताना जळजळ होते का? रात्री उठावं लागतं, ते आत्ताच सुरू झालंय का? लघवी गढूळ दिसते का? तिन्हींपैकी दोन गोष्टी असतील तर संसर्ग असण्याची शक्यता बरीच. पण तेवढ्यावर गोळी मिळत नाही. थंडी वाजून ताप आलाय का, बरगडीखाली पाठीत दुखतंय का, उलट्या होताहेत का, हेही विचारतात. ‘हो’ म्हटलं की संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेल्याची शंका, आणि रवानगी डॉक्टरकडे. दिवस गेलेत का? गेल्या सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा हेच झालं होतं का? तरीही डॉक्टरच.

या चाळणीतून पार पडल्यावर साधारणपणे नायट्रोफ्युरँटॉइन १०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल मिळतात, दिवसातून दोन, तीन दिवस. त्रास किरकोळ असेल तर ‘आधी वेदनाशामक घ्या, भरपूर पाणी प्या, दोन दिवसांत बरं नाही वाटलं तर या’ असंही सांगतात. झालं ते तिच्या डॉक्टरांना कळवलं जातं.

मला यातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते ती पैशांची. सल्ल्याबद्दल सरकार दुकानाला फी देतं, सुरुवातीला ती १५ पौंड होती. रुग्ण नियमात बसला की अँटिबायोटिक दिलं काय, न दिलं काय, फी मिळतेच. ‘नाही’ म्हणण्यात दुकानदाराचा तोटा नाही.

आपल्याकडे? अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय विकायचं नाही, असा कायदा आहे. काही अँटिबायोटिक्स २०१४ पासून शेड्यूल एच-१ मध्ये आहेत. त्यांच्या विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागते, रुग्णाच्या आणि डॉक्टरांच्या नावासकट. आणि प्रत्यक्षात ‘भाऊ, लघवीला आग होतेय’ म्हटलं की कात्रीने स्ट्रिपच्या चार गोळ्या कापून पुडीत येतात. ताप आहे का, एवढंही कोणी विचारत नाही. आमची ओरड असते ती या न विचारलेल्या प्रश्नांवर. केमिस्टवर राग नाही. विचारण्याचे पैसे त्याला कोण देतो?

जाता जाता एक. जळजळ कमी करणारं गोड-आंबट सिरप आपल्या घरोघरी असतं. नातीसाठी बॅगेत दिलं असेल, तर या कॅप्सूलबरोबर घेऊ नकोस म्हणून सांगा. त्या सिरपने लघवीचा आम्लपणा कमी होतो आणि मग या औषधाचा जोर ओसरतो. लघवी गडद पिवळी किंवा तपकिरी झाली तर मात्र घाबरायचं कारण नाही, तो औषधाचाच रंग.

आता उरलेल्या गोळ्यांचं. कॅप्सूल मिळतात सहा, घ्यायच्याही सहा. उरल्या असतील तर आधी तिला फोन करा. आणि तुम्ही त्या मागवूच नका. हे औषध मूत्रपिंडातून गाळलं जाऊन लघवीत उतरतं, तेव्हाच काम करतं. वयाबरोबर मूत्रपिंडाचं काम मंदावतं, म्हणून आधी रक्तातलं क्रिअ‍ॅटिनिन पाहावं लागतं. त्रास अधूनमधून होतो म्हणता, तर पुढच्या वेळी पहिली गोळी घेण्याआधी लघवीचं कल्चर करून घ्या. सदुसष्टाव्या वर्षी लेस्टरच्या त्या फार्मासिस्टनेही तुम्हाला डॉक्टरांकडेच पाठवलं असतं.