अंदमानला जायचे आहे

अंदमानला जायचे ठरले, की घरात पहिला प्रश्न निघतो पैशाचा. पण त्याच्याही आधी महिना ठरवावा लागतो. कधी जायचे?

आपल्याकडे पाऊस जूनमध्ये येतो. अंदमानात तो मे महिन्यातच पोचतो. तिथून आपला पाऊस सरला, तरी तिकडचा सरत नाही. नोव्हेंबरपर्यंत तो येत-जात राहतो, मध्येच वादळेही होतात. म्हणून जानेवारी ते एप्रिल हे दिवस बरे. तेव्हा समुद्र शांत असतो. नाताळच्या सुट्टीत गर्दी फार, भाडीही चढलेली. ते दिवस टाळावेत.

समजा, एक नवराबायको आहेत. त्याने उभा जन्म एस. टी. चालवली. तिने भिशीतून पैसे साठवले. आयुष्यातली पहिलीच मोठी सहल. एवढे साठलेले पैसे पुन्हा लवकर साठायचे नाहीत. तेव्हा कागद नीट वाचूनच पैसे द्यायचे, हे तिचे म्हणणे.

"अहो, तिकिटावर माझं नाव काय घातलंय?"

"घरात म्हणतो तेच."

"आणि आधार कार्डावर?"

"तिथं तुझं माहेरचं नाव आहे."

"मग विमानतळावर मला आत सोडतील का? आधी बदलून घ्या!"

बाईचे बरोबर आहे. तिकिटावरचे नाव आणि ओळखपत्रावरचे नाव एकच हवे. अक्षर न् अक्षर ताडून पाहावे. आणखी एक गोष्ट. अंदमानच्या मुख्य शहराचे नाव पोर्ट ब्लेअर. सप्टेंबर 2024 मध्ये सरकारने ते श्री विजय पुरम असे केले. हॅवलॉक बेटाला 2018 पासून स्वराज द्वीप म्हणतात, नील बेटाला शहीद द्वीप. लोकांच्या तोंडी मात्र अजून जुनी नावेच आहेत. कागदावर दोन्हींपैकी कोणतेही दिसेल. घाबरू नका, गाव तेच आहे.

आपल्याच देशातले बेट असल्यामुळे पासपोर्ट लागत नाही. चेन्नईहून विमानाने दोन-सव्वादोन तास लागतात. आगबोटही आहे. तिला तीन दिवसांच्या आसपास लागतात, आणि फेऱ्या महिन्यातून मोजक्याच. बोट लागणाऱ्या माणसाने पहिल्या खेपेला त्या वाटेला जाऊ नये, असे मला वाटते.

दलाल म्हणतो, "सगळं त्यात आलं, काका!" तेव्हा विचारावे, सगळे म्हणजे काय? बेटाबेटांतल्या बोटीचे भाडे आले का? रात्रीचे जेवण आले का? बोट रद्द झाली तर पैसे परत कोण देणार? उत्तरे कागदावर लिहून मागावीत. तोंडी "हो हो" ला किंमत नाही.

बोट रद्द होते, हे खरेच आहे. पोर्ट ब्लेअरहून स्वराज द्वीपला जायला दोन-अडीच तास लागतात. सरकारी बोट स्वस्त, खासगी बोट लवकर नेते पण भाडे जास्त. समुद्र खवळला तर दोन्ही थांबतात. आता पाहा : सकाळी बेटावरून बोट आणि दुपारी परतीचे विमान, असा बेत केला आणि बोट सुटलीच नाही, तर विमान गेले. त्याचे पैसेही गेले. म्हणून शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरमध्येच काढावी. एका रात्रीचे भाडे जास्त पडेल, पण जीव टांगणीला लागणार नाही.

घड्याळाची एक गंमत आहे. अंदमान मुंबईच्या पूर्वेला जवळजवळ 20 अंशांवर आहे. सूर्याला एक अंश ओलांडायला 4 मिनिटे लागतात. 20 गुणिले 4 म्हणजे 80 मिनिटे. घड्याळ मात्र साऱ्या देशाचे एकच! त्यामुळे तिकडे डिसेंबरात पाचच्या सुमाराला सूर्य मावळतो. दुपारी झोप काढून मग समुद्र पाहू म्हणाल, तर अंधारच पाहाल. पहाटे उठा.

सेल्युलर जेल पाहिल्याशिवाय परतू नये. हा तुरुंग 1896 ते 1906 या काळात बांधला. मधे मनोरा, आणि सायकलच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या सात लांब इमारती. त्यांतल्या तीन आज उभ्या आहेत. एका कोठडीत एकच कैदी. समोर दिसे ती दुसऱ्या इमारतीची पाठ. विनायक दामोदर सावरकर येथे 1911 ते 1921 पर्यंत होते. त्यांचे थोरले बंधू बाबारावही येथेच होते. कैद्यांना कोलूला जुंपून तेल काढायला लावीत. तो कोलू पाहताना आपोआप आवाज खाली येतो.

बाराटांगच्या रस्त्यावर जारवा लोकांचे राखीव रान लागते. त्यांचे फोटो काढणे, त्यांना खाऊ देणे कायद्याने मना आहे. पहाटे अंधारात निघून गाड्यांच्या रांगेत बसायचे, आणि नजर माणसांवर! मला तरी ते बरे वाटत नाही. तो दिवस राधानगरच्या किनाऱ्यावर घालवावा.

किनाऱ्यावरच्या पाट्या मात्र वाचाव्यात. हिंदी पाटीची लिपी आपलीच. काही ठिकाणी खाऱ्या पाण्यातल्या मगरी असतात. "मगरमच्छ" हा शब्द दिसला, की पाण्यात पाय घालायचा नाही. लाल निशाण असले तरीही नाही. पाण्याची ओढ आत नेऊ लागली, तर थेट किनाऱ्याकडे झगडू नये, दम संपतो. किनाऱ्याला समांतर पोहत ओढीतून बाहेर पडावे, मग वळावे. पोहता येत नसेल, तर घोट्याएवढे पाणी पुष्कळ.

वाळूत पांढरी, फांद्यांसारखी प्रवाळे पडलेली दिसतात. उचलू नका. मेलेले प्रवाळसुद्धा घेऊन येणे गुन्हा आहे, विमानतळावर सामान तपासतात. नातवाला शंखशिंपल्यांची वस्तू हवीच असेल, तर परवाना असलेल्या दुकानातून पावतीसह घ्यावी. पावती पेटीत तळाला घालू नये, हाताशी ठेवावी.