घटक ४ : प्रवासवर्णनाची अखेर

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला
• प्रवासवर्णनातील अखेरच्या भागाचे कार्य स्पष्ट करता येईल.
• जोडप्याच्या प्रवासलेखनातील ‘आम्ही’ या निवेदनाची चिकित्सा करता येईल.

४.१ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, प्रवासाला निघताना मनात कुतूहल असते. प्रवास संपत आला की हिशेब सुरू होतो. आपल्या परंपरेने या हिशेबाला विधीचे रूप दिले आहे. काशीयात्रा जोडीने करावी, गंगाजल घरी आणावे आणि मावंदे घालून गावाला जेवू घालावे, अशी रीत आहे. गावाने यात्रेचे पुण्य वाटून घेतल्यावरच यात्रा पूर्ण होते. विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ (१९०७) या ग्रंथात हेच दिसते. कर्ज फेडण्यासाठी द्रव्य मिळवावे म्हणून ते उत्तरेकडे गेले आणि १८५७च्या धामधुमीत सापडले. मिळवलेले द्रव्य लुटले गेले. परंतु गंगेची कावड त्यांनी घरी आणली आणि आईवडिलांना गंगास्नान घडवले. काय गमावले आणि काय आणले, हे अखेरच्या भागातच कळते.

४.२ विवेचन

(अ) परतीआधीचे दिवस : एक कल्पित उदाहरण घेऊ. निलंग्याचे एक निवृत्त शिक्षक दांपत्य इटली, स्वित्झर्लंड आणि फ्रान्स पाहून जूनमध्ये पॅरिसला मुक्कामी आहे. परतीला दोन दिवस उरले आहेत. पाकिटात युरोच्या नोटांबरोबर स्विस फ्रँकची काही नाणी शिल्लक आहेत. फ्रान्सच्या दुकानांत ती चालत नाहीत. रात्री साडेनऊलाही बाहेर उजेड आहे आणि निलंग्यात त्या वेळी रात्रीचा एक वाजला आहे. मृगाचा पाऊस झाला का, सोयाबीनची पेरणी सुरू झाली का, हे विचार डोक्यात घोळू लागतात. शरीर पॅरिसमध्ये आणि मन शेताच्या बांधावर, ही दुहेरी अवस्था हे या टप्प्याचे मुख्य लक्षण होय. जो लेखक येथेही केवळ स्थळांची यादी देतो, तो लेखनातील सर्वांत जिवंत भाग गमावतो.

(आ) पाहण्याची बदललेली रीत : नोत्र दाम या चर्चचे बांधकाम ११६३ साली सुरू झाले. तिथल्या दगडी शिल्पांपुढे तासभर उभ्या राहिलेल्या या दांपत्याला गावातल्या नीळकंठेश्वर मंदिराची आठवण होते. वर्षानुवर्षे तिथे दर्शन घेतले. परंतु भिंतींवरील मूर्ती निरखून पाहिल्या नाहीत, हे परक्या देशात उमगते. परक्या स्थळाने आपल्या स्थळाकडे पाहण्याची दृष्टी दिली, तर प्रवास फळाला आला असे म्हणता येते.

(इ) ‘आम्ही’ म्हणजे कोण? : पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’त (१९६०) सुनीताबाई सहप्रवासी आहेत, निवेदन मात्र पु. लं.चे आहे. वाचकाला त्या भेटतात त्या पतीच्या नजरेतून. त्यांच्या सहजीवनाविषयी सुनीताबाईंचा स्वतःचा स्वर वाचकांना विस्ताराने ऐकू आला तो ‘आहे मनोहर तरी’मध्ये (१९९०). म्हणून जोडप्याचे प्रवासलेखन वाचताना विचारावे : दमले कोण? सामान कोणी बांधले? कोणते ठिकाण कोणासाठी सोडून दिले? आपल्या कल्पित दांपत्यातही शेवटच्या संध्याकाळी गुरुजींना आणखी एक संग्रहालय पाहायचे असेल आणि बाईंना नदीकाठी नुसते बसायचे असेल. ‘आम्ही संग्रहालय पाहिले’ या वाक्यात बाईंची संध्याकाळ हरवते.

४.३ सारांश

अखेरचा भाग म्हणजे केवळ निरोप नव्हे. तो मिळकतीचा हिशेब मांडतो, घराकडे नव्याने पाहायला लावतो आणि सहप्रवाशांमध्ये कोणाचा अनुभव शब्दांत आला व कोणाचा राहिला हेही उघड करतो.

४.४ स्वाध्याय

१. मावंदे या रीतीच्या आधारे प्रवासाच्या अखेरीचे सामाजिक स्वरूप विशद करा.
२. तुम्ही कुटुंबासह केलेल्या एखाद्या प्रवासाचा, मग तो पंढरपूरचा का असेना, शेवटचा दिवस दहा ओळींत लिहा. नंतर तोच दिवस सहप्रवाशाला विचारून त्याच्या किंवा तिच्या बाजूने लिहा आणि दोन्हींतील फरक नोंदवा.