विश्वासाचा व्यापार

बाजार म्हटला की माणसांची घासाघीस आपल्या डोळ्यांसमोर येते. परंतु देवघेव ही केवळ माणसाची मिरास नव्हे.

हिंदी आणि प्रशांत महासागरांतील प्रवाळखडकांवर वीतभरही लांब नसलेला एक ‘सफाई मासा’ राहतो. त्याच्या ठरलेल्या जागी मोठे मासे येऊन थांबतात. त्यांच्या अंगावरील परोपजीवी किडे तो वेचून खातो. शिकारी माशाच्या उघड्या जबड्यातही निर्धास्त शिरतो. एकाला अन्न मिळते, दुसऱ्याला आरोग्य.

मात्र सफाई माशाला किड्यांहून गिऱ्हाइकाच्या त्वचेवरील बुळबुळीत थर अधिक रुचतो. मोहाने त्याने तो ओरबाडलाच, तर गिऱ्हाईक अंग झटकते, त्याचा पाठलाग करते किंवा सरळ दुसऱ्या सफाई माशाकडे जाते. ही शब्दांवाचून चाललेली वाटाघाटच होय.

रेदुआन बशारी व अलेक्झांड्रा ग्रटर यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले, की इतर मासे प्रामाणिक सफाई माशाजवळ अधिक वेळ थांबतात. आणि कोणी पाहत असल्यास सफाई मासाही लबाडी कमी करतो.

आजचा मोह आवरला, तरच उद्याचे गिऱ्हाईक टिकते. पत हेच व्यापाराचे खरे भांडवल, मग तो व्यापार पाण्याखालचा का असेना!