नंबर मोठा, तरी बूट चढेना

प्रश्न : आमच्या घरात सगळ्यांची पावलं वरून उंच आहेत. लावणीच्या दिवसांत गमबूट चढता चढत नाही, चढला तर निघत नाही. धाकटा मुलगा येत्या जानेवारीत औलीला स्कीइंग शिकायला जाणार आहे. तिथे भाड्याने कडक प्लॅस्टिकचे बूट मिळतात. डहाणूचा आमचा दुकानदार दर वेळी ‘एक नंबर मोठा घ्या’ म्हणतो. मुलाने तसंच करावं का?
— एक वाचक, तलासरी

उत्तर : नको, मुळीच नको. नंबर लांबी सांगतो आणि तुमची अडचण उंचीची आहे. मोठा नंबर घेतला की बोटांपुढे जागा वाढते, पावलाच्या पाठीवर मात्र जेमतेम. मग टाच आत उचलते, घासते, फोड येतो. स्कीइंगमध्ये तर टाच हलली की स्की ताब्यात राहत नाही.

आधी गमबुटाचं. तो घोट्याच्या वळणावर अडतो, कारण टाचेपासून पावलाच्या पाठीपर्यंतचा तिरका घेर तिथून जावा लागतो. मोज्यावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवून पाय घाला; सरकन जातो आणि तसाच निघतो.

यात तुमच्या पायांचा दोष काढू नका. बूट फर्म्यावर घडतो आणि आपल्याकडचे नंबर परदेशी मापांवरून आलेले. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने 2021-22 मध्ये देशभरातल्या लाखावर लोकांची पावलं मोजली, भारतीयांचा चवडा रुंद असतो असं सांगितलं आणि ‘भा’ ही नवी मापपद्धत सुचवली. 1992 मध्ये कर्नाटकातल्या 2,300 मुलांच्या पाहणीत सपाट तळवे बूट घालणाऱ्या मुलांत 8.6 टक्के आढळले, अनवाणी मुलांत 2.8 टक्के. आपल्या पाड्यांवरची अनवाणी वाढलेली पावलं मला म्हणूनच जपण्यासारखी वाटतात.

स्की-बुटात बाहेर कडक कवच असतं आणि आत मऊ बूट. त्याचा नंबर म्हणजे पावलाची सेंटिमीटरमधली लांबी. मुलाला भिंतीला टाच लावून उभं करा, दोन्ही पाय मोजा आणि आकडा लिहून द्या. तिथे आतला बूट काढून नुसत्या कवचात पाय घालायला सांगा. बोटं पुढे टेकली असताना टाचेमागे दीड ते दोन सेंटिमीटर जागा उरली तर लांबी बरोबर. पावलाची पाठ तेव्हाच कवचाला टेकत असेल तर तो बूट परत द्यावा आणि त्याच नंबरात जास्त ऐसपैस घडणीचा मागावा. स्वतःचा बूट असता तर आतली सुटी तळपट्टी घासून पाऊल खाली बसवता आलं असतं. भाड्याच्या बुटाला कोण घासू देईल?

सगळ्यात महत्त्वाचं सांगतो. पावलाच्या पाठीवरून रक्तवाहिनी आणि मज्जातंतू कातडीच्या अगदी लगत जातात; डॉक्टर पायाची नाडी तिथेच चाचपतात. तिथे बूट दाबला की बोटं गार पडतात, मुंग्या येतात. ज्या मुलाने डहाणूची थंडीच काय ती पाहिली, त्याला वाटणार की हा बर्फाचाच गारठा. तो दुसरा मोजा चढवेल आणि दाब आणखी वाढेल. मोजा एकच, पातळ आणि कोरडा हवा. बधिरपणा आला की लगेच बक्कल सोडायचं, ‘होईल सवय’ म्हणून सोसायचं नाही.

ओल्या पायाचा ठसाही फरशीवर उमटवून पाहा. तो मध्ये तुटला तर तळव्याची कमानही उंच आहे. अशा पायाखाली पोकळी भरेल इतपतच आधार द्यावा. जाड गादी घातली की पाठ आणखी वर दाबली जाते.

बूट रात्री खोलीतच ठेवायला सांगा, गारठलेलं प्लॅस्टिक वाकत नाही. घालताना कवच दोन्ही हातांनी फाकवून, जीभ पुढे ओढून पाय सोडायचा, टाच मागे आपटून बसवायची, गुडघा पुढे वाकवून आधी वरची, नडगीजवळची बक्कलं लावायची. चार बक्कलांच्या बुटात बोटांकडून दुसरं बक्कल नेमकं पावलाच्या उंचवट्यावर येतं. ते सगळ्यात शेवटी आणि सैलच लावायचं.