व्यवहारशुद्धी : निऱ्यांतला डाग आणि कार्डाचा कोपरा





या महिन्याच्या अभ्यासाचा विषय व्यवहारशुद्धी आहे. लेखाची सेवा माझ्याकडे आली तेव्हा मी म्हटलं होतं, मी घर सांभाळणारी बाई, मला व्यवहारातलं काय कळणार? केंद्रातल्या ताई म्हणाल्या, घरातलंच लिहा. म्हणून घरातलंच लिहिते. विषय वाचून काहींना हसू येईल. मुलांच्या खेळातली रंगीत कार्डं ऑनलाइन विकायची, तर त्यांच्यावरचा बारीकसा दोष सांगायचा की नाही, एवढाच प्रश्न आहे. पण या प्रश्नाने माझी दोन रात्रींची झोप गेली.

आमच्या मागच्या दोन खोल्या आम्ही हंगामात पाहुण्यांना देतो. हरमलात बहुतेक घरांत हेच चालतं. एक परदेशी कुटुंब लागोपाठ तीन हिवाळे आमच्याकडे राहिलं. त्यांच्या मुलाची आणि माझ्या धाकट्याची गट्टी जमली होती. शेवटच्या वर्षी जाताना त्या मुलाने आपला पोकेमॉन कार्डांचा अख्खा डबा आमच्याकडच्याला देऊन टाकला. आपल्यापैकी ज्यांची मुलं आता पंचविशीच्या पुढे आहेत, त्यांना चिप्सच्या पाकिटातून निघणारे टाझो आठवत असतील. हा त्याच घराण्यातला प्रकार, पण फार मोठा. ही कार्डं 1996 साली जपानात सुरू झाली आणि आज जगभर मोठी माणसंसुद्धा ती जमवतात, विकतात, विकत घेतात. धाकटा आता कॉलेजात आहे. खेळायचं वय गेलं, म्हणून एकेक कार्ड विकून तो स्वतःचा खर्च भागवतो. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, उलट कौतुकच वाटलं.

जून महिन्यात त्याने एक चकचकीत कार्ड नाशिकच्या एका मुलाला 2,200 रुपयांना ठरवलं. पैसे आले. मला म्हणाला, आई, पॅकिंगला एखादा पुठ्ठा दे. मी पुठ्ठा कापता कापता सहज ते कार्ड खिडकीच्या उजेडात उलटं धरलं. मागच्या निळ्या कडेवर तीन-चार पांढरे ठिपके होते. शाई उडून आतला कागद दिसत होता. आणि एका कोपऱ्याखाली नखाएवढी दबलेली रेघ. मग मी त्याने पाठवलेला फोटो बघितला. कार्ड प्लास्टिकच्या कव्हरात होतं आणि ट्यूबलाइटची चमक बरोबर त्या रेघेवर पडली होती. खाली लिहिलं होतं, ‘नियर मिंट’, म्हणजे जवळजवळ नव्यासारखं.

मी विचारलं, रे, हे काय? तर म्हणतो, “आई गे, इतलें बारीक कोण पळयता?”

मग काय, मी प्रवचन सुरू केलं. सत्य, सचोटी, आपण कोणाचे अनुयायी आहोत, सगळं झालं. तो निमूट ऐकत होता. माझं संपल्यावर म्हणाला, “आणि तुझी ती मोरपंखी साडी?”

ताई-दादांनो, मी गप्प झाले. दोन वर्षांपूर्वी बायकांच्या एका ग्रुपवर मी माझी मोरपंखी रेशमी साडी 3,000 रुपयांना विकली होती. दोनदाच नेसलेली, पण चवथीला समईतलं तेल सांडून निऱ्यांच्या भागात रुपयाएवढा डाग पडला होता. मी मनाची समजूत घातली, डाग निऱ्यांत जातो, नेसल्यावर कोणाला दिसणार? साडीची घडी अशी घातली की फक्त काठ आणि पदर वर येईल. आणि तो फोटो काढला होता माझ्या धाकट्यानेच. “डाग आत जाऊ दे” असं मीच त्याला सांगितलं होतं. म्हणजे ट्यूबलाइटची चमक कुठे पाडायची हे तो बाहेर कुठे शिकला नव्हता.

त्या रात्रीपासून मी या विषयावर वाचायला लागले. जे हाती लागलं ते अभ्यास म्हणून पुढे ठेवते.

आपल्याकडे हा प्रश्न फार जुना आहे. याज्ञवल्क्य स्मृतीत खरेदी-विक्रीचं वेगळं प्रकरण आहे. विकत घेतलेली वस्तू पारखायला घेणाऱ्याला किती दिवस मिळावेत, हेसुद्धा त्यात सांगितलंय. लोखंडाला एक दिवस, दुभत्या जनावराला तीन, ओझ्याच्या जनावराला पाच, रत्नाला सात आणि बियाण्याला दहा. बियाण्याला दहाच का, हे शेतकऱ्याच्या घरात कोणालाही विचारा, रुजून वर यायला तेवढे दिवस लागतातच. आणि सदोष माल निर्दोष म्हणून खपवला तर दंड किती? किमतीच्या दुप्पट. म्हणजे वस्तूत दोष असणं हा गुन्हा नाही. दोष असलेली वस्तू विकणंही गुन्हा नाही. ‘दोष नाही’ असं भासवणं हा गुन्हा.

आजचा कायदा काय म्हणतो ते आमच्या नात्यातल्या एका वकिलाला विचारलं. त्याने भारतीय करार कायदा दाखवला, 1872 सालचा. त्याच्या कलम 17 मध्ये एका घोड्याचं उदाहरण आहे, ते मला इतकं आवडलं की तिन्ही भाग सांगते. एक माणूस लिलावात घोडा विकतो. घोडा रोगी आहे हे त्याला माहीत आहे, पण तो काहीच बोलत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नाही, घेणाऱ्याने आपला बघून घ्यावा. आता तोच घोडा घेणारी त्याची स्वतःची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी आहे. तर मात्र नात्यामुळे सांगणं हे त्याचं कर्तव्य ठरतं. आणि तिसरं, घेणारा म्हणतो, ‘तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर मी घोडा धडधाकट आहे असं समजेन’, आणि विकणारा गप्प राहतो. तिथे गप्प राहणं म्हणजे बोलणंच.

मी धाकट्याला हे वाचून दाखवलं. तो लगेच म्हणाला, “बघ, परक्याला सांगायची सक्ती नाही.” मुलं हुशार असतात, आपल्या सोयीचं चटकन उचलतात. मी विचारलं, पण तू गप्प कुठे होतास? ‘नियर मिंट’ हे तू लिहिलंस. चमक पाडून फोटो काढलास. हे बोलणं नव्हे तर काय? 1930 च्या मालविक्री कायद्यात तर सरळच आहे, वर्णनावरून विकलेली वस्तू वर्णनाशी जुळली पाहिजे. ऑनलाइन विक्रीत वर्णनाशिवाय दुसरं असतंच काय?

मला महत्त्वाचं वाटलं ते हे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आपण मानकुराद घेतो तेव्हा देठाकडे नाक नेतो. सुक्या बांगड्याचा वास घेतो, नारळ कानाशी हलवतो, मिरची हरमलची की बाहेरची हे दोन बोटांत धरून ठरवतो. विकणारी गप्प बसली तरी चालतं, कारण माल आपल्या हातात असतो. नाशिकच्या त्या मुलाला हात नव्हता, नाक नव्हतं. त्याच्याकडे फक्त धाकट्याचे डोळे होते, आणि त्याने त्या डोळ्यांचे पैसे आधीच भरले होते. घोड्याच्या गोष्टीतली मुलगी बापावर विसंबून असते, तसाच तो इथे विसंबला होता.

‘एवढासा डाग’ हे आपलं माप झालं. जमवणाऱ्याचं माप वेगळं असतं. परदेशातल्या संस्था पैसे घेऊन ही कार्डं तपासतात आणि 1 ते 10 असे गुण देतात. चित्र बरोबर मध्यावर आहे का, कोपरे, कडा आणि पृष्ठभाग, सगळं भिंगाखाली बघतात. दहा आणि नऊ यांच्या भावात कधी कधी कित्येक पटींचा फरक पडतो. आपल्याला दिसणार नाही असा ठिपका त्यांच्यात गुण उतरवतो, आणि दबलेली रेघ तर फारच उतरवते. आपल्याकडे पोर्तुगीज काळातली नाणी बऱ्याच घरांत आहेत. ती चिंच लावून घासली की आपल्याला लखलखीत वाटतात, पण जाणकार संग्राहक घासलेल्या नाण्याचे पैसे कमी देतो. (माझ्या सासूबाईंनी अशी पाच नाणी चकचकीत केली होती. असो.)

ज्यांच्या घरात मुलं असं काही विकतात, त्यांच्यासाठी आम्ही आता काय करतो तेवढं लिहिते. कार्ड प्लास्टिकमधून बाहेर काढायचं. दिवसाउजेडी खिडकीशी तिरकं धरायचं, म्हणजे ओरखडा नि रेघ आपोआप वर येते. पुढचा आणि मागचा असे दोन फोटो, चारही कोपऱ्यांचा जवळून एकेक, आणि जिथे दोष आहे तिथला शेजारी नाणं ठेवून एक, म्हणजे आकार कळतो. दोष पहिल्याच ओळीत लिहायचा, शेवटी नाही. ‘थोडा वापरलेला’, ‘वयानुसार खुणा’ असलं गुळमुळीत लिहायचं नाही. ‘मागच्या कडेला चार पांढरे ठिपके, उजव्या खालच्या कोपऱ्याशी नखाएवढी दाबलेली रेघ’ असं लिहायचं. दर्जा ठरवताना मन दोन पायऱ्यांत घुटमळलं तर खालची पायरी लिहायची.

आपल्या किनारपट्टीची एक खास गोष्ट. चकचकीत कार्ड पावसाळ्यात वाकतं. कागद हवेतला ओलावा पितो आणि फुगतो, वरचा चमकता थर फुगत नाही, म्हणून कार्ड कमान धरतं. एप्रिलमध्ये काढलेला फोटो जुलैत पाठवला तर तो फोटो खोटा नसतो, पण खराही राहिलेला नसतो. पाठवायच्या दिवशी पुन्हा बघायला हवं.

एका ताईंनी मला विचारलं, मग काय प्रत्येक बारीकसारीक सांगत बसायचं? समोरचा घाबरून पळेल. यावर माझं मत असं, की घेणाऱ्याच्या जागी आपण असतो तर ज्या गोष्टीने भाव कमी दिला असता, ती सांगायची. ज्याने काहीच फरक पडला नसता, ती राहिली तरी चालेल. आणि सांगताना ‘मी किती प्रामाणिक आहे बघा’ हा सूर नको. काही लोक दोष असा सांगतात की ती स्वतःचीच जाहिरात होते.

तुकाराम महाराज स्वतः दुकानदाराच्या घरातले. वाटणीला आलेली कर्जखतं त्यांनी इंद्रायणीत सोडली ही कथा आपण नेहमी सांगतो, पण त्याआधी किती वर्षं ते तागडी धरून बसले होते, याचा विचार कमी करतो.

आता घडलं ते. धाकट्याने नाशिकच्या मुलाला खिडकीपाशी काढलेले नवे फोटो पाठवले आणि लिहिलं, आधी हे दिसत नव्हतं, माझी चूक आहे, पाहिजे तर पैसे परत देतो. मला वाटलं होतं, तो मुलगा खूश होऊन कार्ड ठेवून घेईल. तसं काही झालं नाही. त्याने पैसे परत मागितले, आणि ग्रुपवर दोन तिखट शब्दही लिहिले. 2,200 रुपये परत गेले. धाकटा दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही. ते कार्ड पुढे चवथीच्या आधी दुसऱ्याने, सगळे दोष वाचून, 1,300 ला घेतलं. 900 रुपयांचा फटका बसला, आणि तो त्याच्या कॉलेजच्या खर्चातून गेला. मी भरून देते म्हटलं तर नको म्हणाला.

साडीचं राहिलं होतं. ज्या ताईंनी ती घेतली त्या डिचोलीकडच्या, आपल्याच सत्संगातल्या. गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमात भेटल्या तेव्हा त्यांना बाजूला घेऊन मी सगळं सांगितलं आणि पाकिटातून 1,000 रुपये पुढे केले. त्या म्हणाल्या, “मला पहिल्याच दिवशी दिसला होता डाग. म्हटलं, तुम्हाला माहीत नसेल.” दोन वर्षं त्या मला माहीत नव्हतं असं धरून चालल्या होत्या.

पैसे त्या घेईनात. शेवटी त्यांनी 500 ठेवून घेतले आणि 500 परत माझ्या हातात दिले. म्हणाल्या, निऱ्या उलट्या बाजूने घातल्या की डाग खरंच दिसत नाही, आणि साडीचा रंग फार सुंदर आहे.

– एक सेविका, हरमल