कोटीची गाडी, पंधरा ॲम्पिअरचा प्लग

मुंबई-पुण्यातल्या नव्या टॉवरांमध्ये यांत्रिक पार्किंग असतं. बटण दाबलं की लोखंडी पॅलेट खाली येतं, गाडी त्यावर चढवायची, पॅलेट वर निघून जातं. त्या चौकटीवर एक पाटी असते आणि पॅलेट किती वजन पेलतं ते तिच्यावर लिहिलेलं असतं. आकडा बहुधा दोन ते अडीच टनांच्या मधला. मर्सिडीजची ईक्यूएस ५८० किंवा ऑडीची ई-ट्रॉन ५५ या गाड्या रिकाम्याच अडीच टनांच्या पुढे जातात. म्हणजे कोटभर रुपये मोजून आणलेली गाडी स्वतःच्या हक्काच्या जागेत चढवता येत नाही. हे कळतं केव्हा, तर डिलिव्हरीच्या दिवशी, नारळ फोडून झाल्यावर, आणि तेही वॉचमनकडून.

शोरूममध्ये या पाटीचा विषय निघत नाही. तिथे मसाज करणाऱ्या सीटची, छतावरच्या रंगीत दिव्यांची आणि शंभरचा वेग किती सेकंदांत गाठते याची चर्चा असते. आमच्या घरी काही वर्षांपासून अशी एक मोठी इलेक्ट्रिक एसयूव्ही आहे. ती बघायला येणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न विचारतो तो रेंजचा. खरं तर हा प्रश्न यादीत बराच खाली यायला हवा. आधी जागा, मग प्लग, मग विकताना काय मिळेल ते. रेंज त्यानंतर.

पण जमेची बाजू आधी सांगायला हवी, कारण ती खरोखरच भरभक्कम आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये मर्सिडीजची ईक्यूसी ९९ लाख ३० हजारांना आली, तोवर या वर्गातली इलेक्ट्रिक गाडी भारतीय शोरूममध्ये नव्हतीच. पुढच्याच वर्षी जग्वारची आय-पेस आणि ऑडीची ई-ट्रॉन आली. २०२२ मध्ये ईक्यूएस ५८० चाकणच्या कारखान्यात जुळणी होऊन १ कोटी ५५ लाखांना विक्रीला निघाली. या गाड्यांना सरकारने दिलेली सवलत लहान नाही. इलेक्ट्रिक गाडीवर जीएसटी ५ टक्के, तर मोठ्या पेट्रोल-डिझेल गाड्यांवर सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के. महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या डिझेल गाडीला १५ टक्के रस्ता कर लागतो, म्हणजे कोटीच्या गाडीवर पंधरा लाख. हिरव्या नंबरप्लेटच्या इलेक्ट्रिक गाडीला तो माफ आहे.

माफी कायमची मात्र धरू नये. मार्च २०२५ च्या राज्याच्या अर्थसंकल्पात तीस लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांवर ६ टक्के कर प्रस्तावित झाला होता. त्याच अधिवेशनात मुख्यमंत्र्यांनी तो मागे घेतला. टोलचंही तसंच. राज्याच्या २०२५ च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणात मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू या तिन्ही ठिकाणी माफी आहे. अटल सेतूवर ती २२ ऑगस्ट २०२५ ला सुरू झाली, पण फास्टॅगमधून पैसे कापले जात असल्याच्या तक्रारी विधानसभेपर्यंत पोहोचल्या. तेव्हा फास्टॅगचे मेसेज न वाचता पुसून टाकायची सवय असेल, तर ती सोडलेली बरी.

चालवण्याचं सुख वेगळंच. बोरघाटात डिझेल गाडी गिअर बदलत, गुरगुरत चढते, तिथे ही नुसती वर सरकते. वजनाचा पत्ता लागत नाही. घाट बॅटरी खातो अशी एक भीती असते, तिचा हिशेब कागदावर मांडता येतो. खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंतची चढण साधारण साडेपाचशे मीटरची. अडीच टनांची गाडी तेवढी उचलायला जेमतेम चार युनिट वीज लागते, तूट धरून पाच म्हणा. नव्वद युनिटांच्या बॅटरीत ही रक्कम किरकोळ आहे, आणि उतरताना मोटरच जनरेटर होऊन त्यातली निम्म्याहून अधिक परत करते. खरं खाणं वेगाचं. ताशी ८० वरून १२० वर गेलं की हवेचा विरोध सव्वादोन पट होतो. समृद्धीवर सरळसोट १२० ने निघालेला माणूस नागपूरला पोहोचेपर्यंत घाटाला नाही, स्वतःच्या उजव्या पायाला दोष देत असतो.

कागदावरची रेंज आणि रस्त्यावरची रेंज यांत दरी असते हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. ईक्यूएस ५८० ची भारतातली प्रमाणित रेंज ८५७ किलोमीटर होती. त्याच गाडीचा युरोपीय चाचणीतला आकडा सातशेच्या आत होता. एसी, पाच माणसं आणि द्रुतगती मार्गाचा वेग धरला की त्यातूनही वजाबाकी होते. जाहिरातीतल्या आकड्याचे दोन तृतीयांश धरून प्रवास आखला, तर सहसा घाम फुटत नाही.

एक गोष्ट मात्र घरातल्या मोठ्यांना घेऊन बसल्याशिवाय कळत नाही. पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला की ही गाडी आपोआप ब्रेक लागल्यासारखी मंदावते. चालवणाऱ्याला ते आवडतं, मागे बसणाऱ्याला गाडी लागते. आमच्या सासूबाईंना डिझेलच्या वासाने व्हायचा तो त्रास बिनवासाच्या गाडीत दुप्पट झाला. सेटिंगमध्ये जाऊन ही ओढ सर्वांत कमी केली की फरक पडतो. टेस्ट ड्राइव्हला जाताना घरातला सर्वांत नाजूक पोटाचा माणूस मागच्या सीटवर बसवावा आणि वळणाचा रस्ता निवडावा.

आता प्लग. मोठ्या गाडीची ९५ युनिटांची बॅटरी घरच्या पंधरा ॲम्पिअरच्या प्लगवर रिकामीपासून पूर्ण भरायला तीस तासांहून जास्त लागतात. हे ऐकून माणसं हबकतात. पण रोजचं जाणं-येणं चाळीस किलोमीटर असेल, तर लागतात नऊ-दहा युनिटं, आणि ती त्याच साध्या प्लगवर तीन-साडेतीन तासांत मिळतात. रात्रभर लावून ठेवली की झालं. शहरातल्या वापराला ७.४ किंवा ११ किलोवॅटचा वॉलबॉक्स ही सोय आहे, गरज नाही. गरज असते ती चांगल्या अर्थिंगची. अर्थिंग कच्चं असलं तर यातल्या बऱ्याच गाड्या चार्जिंगच घेत नाहीत, आणि दोष गाडीचा समजून लोक वर्कशॉपच्या चकरा मारतात.

सोसायटीत खरी लढाई केबलची असते. मीटर रूम एका टोकाला, पार्किंग दुसऱ्या टोकाला, मधे सामाईक भिंती. आगीची भीती, ट्रान्सफॉर्मरवरचा भार, उद्या सगळ्यांनी मागितलं तर काय, हे प्रश्न समितीत उठतातच आणि ते अगदीच बिनबुडाचे नसतात. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या सप्टेंबर २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मालकाला आपल्या घरच्या वीजजोडणीवर गाडी चार्ज करता येते. ती प्रत अर्जाला जोडावी, पण ती नाचवत बैठकीला जाऊ नये. त्यापेक्षा परवानाधारक इलेक्ट्रिशियनचा आराखडा, केबलची जाडी, स्वतंत्र एमसीबी आणि आरसीसीबी यांचा तपशील लेखी दिला की सेक्रेटरीकाकाही नरमतात. हे सगळं बुकिंगच्या आधी. गाडी दारात उभी राहिल्यावर मागितलेली परवानगी ही विनवणी असते. महावितरणकडे गाडीसाठी वेगळं मीटर मागता येतं. ते घेतलं नाही, तर घरगुती वापरात ही युनिटं मिसळून वरच्या स्लॅबचा दर लागतो आणि बिल झोंबतं.

घरी चार्जिंगची सोयच नसेल तर? तर माझं मत स्पष्ट आहे: घेऊ नये. सार्वजनिक चार्जरवर युनिटला वीस-पंचवीस रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी पडतो. किलोमीटरला साडेपाच ते सात रुपये होतात, म्हणजे डिझेलच्या तुलनेत वाचतं ते थोडकंच. शिवाय गाडी दीडशे-दोनशे किलोवॅटने वीज घेऊ शकत असली, तरी समोरचं मशीन साठचं असतं, आणि शेजारी दुसरी गाडी लागली की तेही दोघांत वाटलं जातं. ऐंशी टक्क्यांनंतर वेग उतरतो तो वेगळाच, त्यामुळे शंभरचा हट्ट धरून मागच्यांचा खोळंबा करू नये. प्रत्येक कंपनीचं ॲप निराळं, प्रत्येकाच्या वॉलेटमध्ये आपले दोन-तीनशे रुपये अडकलेले. चार्जरच्या जागेत कुणाची तरी पेट्रोल गाडी लावलेली असते आणि मालक मिसळ खायला गेलेला असतो. गोव्याला जाताना सातारा-कोल्हापूरमार्गे जितके चार्जर भेटतात, तितके कोकणातल्या रस्त्याने भेटत नाहीत. म्हणून थांबा असा निवडावा, जिथे एक मशीन बंद असलं तरी जवळ दुसरं आहे.

या गाड्यांत बिघडण्यासारखं काही नसतं, हे वाक्य विक्रेते फार आत्मविश्वासाने बोलतात. ऑइल नाही, गिअरबॉक्सची कटकट नाही, हे बरोबर. पण मोठ्या बॅटरीखेरीज प्रत्येक गाडीत एक साधी १२ व्होल्टची बॅटरी असते. कुलपं, पडदे आणि मुख्य बॅटरीला जोडणारे रिले तिच्यावर चालतात. ती मेली की कोटीची गाडी ठोकळा. परदेशातून परतलो तेव्हा विमानतळाच्या पार्किंगमध्ये आमची गाडी अशीच निपचित पडली होती. मुख्य बॅटरी तीन चतुर्थांश भरलेली, पण दाराची मूठसुद्धा बाहेर येईना. रोडसाइडवाल्यांचा फ्लॅटबेड ट्रक आला, तर त्या मजल्याच्या छताची उंची त्याला पुरेना. अशी गाडी चाकांवर ओढत नेणं चालत नाही, कारण चाकं फिरली की मोटर फिरते. तेव्हा रिमोटमध्ये लपलेली धातूची किल्ली कुठून निघते, बाहेरून १२ व्होल्ट जोडायची जागा कुठे आहे, हे मॅन्युअलमध्ये आधीच पाहून ठेवावं आणि एक छोटा जंप स्टार्टर घरी असू द्यावा. गाडीत ठेवलेला उपयोगाचा नाही, दार उघडलं तर ना.

दुसरा धडा पोटाचा. बॅटरी असते गाडीच्या तळाशी, आणि आपले गतिरोधक कुणाच्या मापाने बांधलेले असतात ते बांधणाऱ्यालाच ठाऊक. गावाबाहेरच्या एका गतिरोधकाला आमच्या गाडीचं पोट घासलं. इजा फक्त बाहेरच्या संरक्षक पत्र्याला होती, पण ती तेवढीच आहे हे ठरवायला उच्च दाबाच्या यंत्रणेचं प्रशिक्षण घेतलेला तंत्रज्ञ लागतो. असे तंत्रज्ञ मोठ्या शहरांतच सापडतात. सुटा भाग परदेशातून यायचा होता, गाडी वर्कशॉपमध्ये तिष्ठत राहिली. विमा घेताना झीरो डेप्रिसिएशन तर घ्यावाच, पण तळाला बसलेला मार आणि पाणी शिरून बॅटरीचं झालेलं नुकसान पॉलिसीत आहे का, हे लेखी विचारावं. टायरचाही खर्च धरावा. वीस-एकवीस इंची, वजनाने लवकर झिजणारे, आणि अनेक मॉडेलांत स्टेपनी नाहीच.

सगळ्यांत जास्त पैसा जातो तो मात्र यातल्या कशात नाही. तो गाडी उभी असताना जातो.

सप्टेंबर २०२३ मध्ये बीएमडब्ल्यूची आयएक्स१ आयात होऊन ६६ लाख ९० हजारांना मिळत होती. जानेवारी २०२५ मध्ये त्याच नावाची गाडी, चाकांमधलं अंतर वाढवून आणि दोनऐवजी एक मोटर ठेवून, चेन्नईत जुळणी होऊन ४९ लाखांना आली. पहिल्या गिऱ्हाइकाच्या दारातल्या गाडीला ओरखडाही नसेल, पण तिची बाजारातली किंमत त्या एका दिवसात कोसळली. फरक १७ लाख ९० हजारांचा. वर्षाला बारा हजार किलोमीटर फिरणारा माणूस इंधनात फार तर ८०-८५ हजार वाचवतो. हा खड्डा इंधनाच्या बचतीने भरायला वीस वर्षं पुरत नाहीत. ‘पैसे वाचतील’ म्हणून या वर्गातली गाडी घेणाऱ्याने हे गणित एकदा कागदावर करावंच.

जाणकार कंपन्याही यात पोळल्या आहेत. गाड्या भाड्याने देणाऱ्या अमेरिकेतल्या हर्ट्झने २०२१ मध्ये एक लाख टेस्ला घेण्याचा बेत गाजावाजा करून जाहीर केला. जानेवारी २०२४ मध्ये त्याच कंपनीने सुमारे वीस हजार इलेक्ट्रिक गाड्या विकून टाकायचं ठरवलं. टेस्लाने नव्या गाड्यांच्या किमती उतरवल्याने जुन्यांचा भाव पडला होता, आणि ठोकल्यावरचा दुरुस्तीखर्च अंदाजापेक्षा जास्त निघाला होता. फिस्कर या अमेरिकी इलेक्ट्रिक गाडी कंपनीची गोष्ट आणखी वेगळी. जून २०२४ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली, आणि ज्यांनी तिची ‘ओशन’ घेतली होती, त्यांना सुट्या भागांसाठी आणि सॉफ्टवेअर चालू ठेवण्यासाठी स्वतःची संघटना उभारावी लागली. नव्या नावाच्या, चकचकीत पडद्याच्या गाडीसमोर उभं राहताना कंपनीचा ताळेबंदही बघावा तो यासाठी.

पडत्या किमतींची दुसरी बाजू हुशार गिऱ्हाइकाच्या फायद्याची आहे. पहिल्या मालकाने घसारा सोसलेली दोन-तीन वर्षांची गाडी मला नव्या गाडीपेक्षा शहाणपणाची खरेदी वाटते. बॅटरीची वॉरंटी बहुतेक कंपन्यांची आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर असते, ईक्यूएसला ती दहा वर्षं आणि अडीच लाख किलोमीटर आहे. ती दुसऱ्या मालकाच्या नावे होते का, हे कंपनीकडून लेखी घ्यावं. बॅटरीच्या प्रकृतीचा अहवाल अधिकृत वर्कशॉपमधून काढावा, डॅशबोर्डवरच्या रेंजच्या आकड्यावर जाऊ नये. तो आधीच्या मालकाच्या पायावर अवलंबून असतो. गाडी उचलून पोटाचा पत्रा बघावा. घरचा चार्जर आणि केबल सोबत मिळतेय का पाहावं, नवी घ्यायला गेलं की किंमत डोळ्यांत भरते. आणि पैसे देण्याआधी विकणाऱ्याला समोर बसवून त्याच्या फोनवरच्या ॲपमधून गाडी काढून टाकायला लावावी. ते राहिलं, तर तुमची गाडी कुठे उभी आहे हे त्याला घरबसल्या दिसत राहतं, आणि काही मॉडेलांत तो ती उघडूही शकतो.